रविवारी जागा बघायची नाही

मी लोकांना जागा दाखवते, पण मी एजंट नाही. एजंटाला ब्रोकरेज मिळतं ते जागा ठरली तर. मला पगार मिळतो तो नाही ठरली तरी. बाहेरगावाहून मुंबईकडे बदली होऊन येणाऱ्या माणसाच्या कुटुंबाला, सामान हलवायच्या आधी, ठाणे-कल्याण-नवी मुंबईचा पट्टा फिरवून आणायचा आणि कुठे राहणं झेपेल ते त्यांचं त्यांना ठरवता येईल एवढं दाखवायचं, हे माझं काम. पैसे त्यांची कंपनी किंवा बँक आमच्या ऑफिसला देते. कागदावर या कामाला रीलोकेशन म्हणतात. माझ्या सासूबाई शेजारणींना सांगतात, आमची सून लोकांना लोकलमधून फिरवते. मला सासूबाईंचंच पटतं.

येणाऱ्यांची पहिली मागणी ठरलेली असते. "मॅडम, शनिवारी रात्री निघतो, रविवारी सगळं बघून घेऊ." मी रविवार देत नाही. रविवारी ठाण्याचा घोडबंदर रोड मोकळा असतो, रिक्षावाला नाही म्हणत नाही, बागेत मुलं खेळत असतात, सोसायटीचा सेक्रेटरी घरी असतो आणि गोड बोलतो. त्यातून मेगाब्लॉक असला तर गंमत उलटी होते, पाहुण्यांच्या मनात लोकलची कायमची धास्ती बसते. दोन्ही चित्रं खोटी. भाडं सोमवार ते शुक्रवारच्या गावाचं भरायचं असतं, तेव्हा बघायचं तेही तेच गाव. रजा टाकून या म्हटलं की नवरे कुरकुरतात. पण ज्यांनी रजा टाकली नाही आणि एजंटाबरोबर रविवारीच उरकलं, त्यातले बरेच जण पुढच्या अकरा महिन्यांत पुन्हा आमच्याकडे आले, दुसरी जागा शोधायला.

मी आधी प्लॅटफॉर्म दाखवते, फ्लॅट नंतर. डोंबिवली, सकाळी पावणेआठ. नवरा-बायकोला पुलावर उभं करते आणि काही बोलत नाही. लातूर, अकोला, कोल्हापूर अशा गावांतून आलेल्या माणसाने गर्दी बघितलेली असते, पण ती जत्रेची. ही गर्दी रोजची आहे आणि तिला कुठे डबा थांबतो, कोणत्या दारात कोण उभं राहतं, कोणती गाडी डोंबिवलीहूनच सुटते आणि कोणती बदलापूरहून भरून येते, हे सगळं पाठ आहे, हे लक्षात यायला दहा मिनिटं लागतात. तेवढी मी देते. मग बायकोला लेडीज डब्यात माझ्याबरोबर चढवते, नवऱ्याला त्याच्या डब्यात सोडते आणि ठाण्याला भेटू म्हणून सांगते. ठाण्याला उतरल्यावर नवऱ्याचा चेहरा बघितला की पुढची यादी निम्मी होते.

अंतराचे आकडे इथे फसवतात. सीएसएमटीपासून ठाणे ३४ किलोमीटर, डोंबिवली ४८, कल्याण ५४, बदलापूर ६८. गावाकडचा माणूस ४८ किलोमीटर म्हटलं की एसटीच्या हिशेबाने तासाभराचं गणित मांडतो. गाडीतला वेळ साधारण तेवढाच निघतो, पण घर ते स्टेशन आणि स्टेशन ते ऑफिस ही दोन टोकं कुठल्याच वेळापत्रकात नसतात. संध्याकाळी सात वाजता स्टेशनाबाहेर शेअर रिक्षाची रांग किती लांब असते? पावसात ती कुठे जाते? पुलाला सरकता जिना आहे का, आणि असला तर चालू आहे का? एजंट 'स्टेशनपासून दहा मिनिटं' म्हणतो ती दहा मिनिटं दुपारी दोनची असतात. मी पाहुण्यांना संध्याकाळच्या रांगेत उभं करते, रिक्षात बसवते, आणि घड्याळ त्यांनाच बघायला सांगते.

अलीकडे एक प्रश्न न चुकता येतो. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर, शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी रुळांवर पडले आणि त्यात माणसं गेली. "मॅडम, हे रोजच असं असतं का?" रोज असं होत नाही, पण दारात लटकणं रोजचं आहे. मी ते लपवत नाही आणि तिखटमीठही लावत नाही. ऑफिस दहाऐवजी अकराला सुरू होत असेल तर काय फरक पडतो, सुटणारी गाडी पकडली तर काय, फर्स्ट क्लासचा पास काढला तर काय, हे सांगते. फर्स्ट क्लासमध्येही बसायला मिळतं असं समजू नका, हेही सांगते.

इथवर जे लिहिलं ते नोकरी करणाऱ्यासाठी. आणि बहुतेक कुटुंबं इथेच थांबतात. जागा त्याच्या ऑफिसवरून ठरते, कारण बदली त्याची, पगार त्याचा, भाडं त्याच्या खात्यातून जाणार. मला या कामात एवढं पक्कं कळलंय की हा हिशेब उलटा आहे. नोकरी करणारा माणूस उपनगरात राहतच नाही, तिथे तो झोपायला येतो. उपनगरात राहतात ती मुलं, घरी थांबणारी बाई आणि म्हातारी माणसं. त्यांचा दिवस तिथल्या पाण्यावर, फुटपाथवर, शाळेच्या गेटवर आणि शेजारावर चालतो. म्हणून मी ऑफिसला आमच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवायला लावला: घरात दिवसभर कोण असणार? ज्याचं नाव त्या रकान्यात, त्याने फेरीला आलंच पाहिजे. नाही तर मी तारीख देत नाही.

या रकान्यामुळेच मला लातूरच्या आजी भेटल्या. मुलगा बँकेत अधिकारी, बदली बीकेसीतल्या ऑफिसात. सून, सातवीतली नात आणि आजी. मुलाने येण्याआधीच घोडबंदरचं एक संकुल मनात नक्की केलं होतं. तरण तलाव, क्लब हाऊस, एकोणिसाव्या मजल्यावरून डोंगर. फोटो मलाही दाखवले. आजी गाडीतून उतरल्या, गेटवरच्या वॉचमनकडे सरळ गेल्या आणि म्हणाल्या, "पाणी किती वाजता येतं रे, बाबा?"

पोरगा ओशाळला. "आई, इथं चोवीस तास असतं."

"कुठून येतं?"

याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं, आणि खरं सांगायचं तर असा प्रश्न विचारणारं माणूस मला आधी भेटलंही नव्हतं. आजी त्या लातूरच्या, ज्या शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या टँकरांनी पाणी न्यावं लागलं होतं. टाकीत पाणी असणं आणि नळाला पाणी असणं यातला फरक त्या उन्हाळ्यात त्यांनी जन्माचा शिकून घेतला होता. वॉचमन आधी इकडेतिकडे बघायला लागला, मग त्याने गेटवरची वही पुढे केली. आदल्या दिवशी आत आलेल्या वाहनांच्या नोंदीत टँकर होते, ओळीने.

तेव्हापासून ती वही माझ्या फेरीत कायमची आली. घोडबंदरच्या सगळ्याच सोसायट्या टँकरवर जगतात असं नाही, पण ज्या जगतात त्या जाहिरातीत सांगत नाहीत. ठाणे महापालिकेला पाणी चार वाटांनी मिळतं: स्वतःची योजना, स्टेम प्राधिकरण, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका. शहराच्या जुन्या भागात ते नीट पोचतं. टोकाला नव्याने उभ्या राहिलेल्या वीस-तीस मजली इमारतींपर्यंत जाताना त्याचा जोर ओसरतो. डोंबिवलीत महापालिकेचं पाणी वेगळं आणि एमआयडीसीचं वेगळं, रस्ता ओलांडला की मालक बदलतो. बदलापूरला जीवन प्राधिकरण. नवी मुंबई महापालिकेचं स्वतःच्या मालकीचं मोरबे धरण आहे, ही मोठी श्रीमंती. पण खारघर, कामोठे ही नावं पत्त्यात नवी मुंबई लावत असली तरी ती २०१६ साली झालेल्या पनवेल महापालिकेत येतात, आणि तिथला पाण्याचा कारभार नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोकडे. लोक म्हणतात, सगळं नवी मुंबईच ना! बेलापूरची हद्द ओलांडून बघा.

पाण्याबद्दल सेक्रेटरीला विचारू नका. वॉचमनला विचारा, धुणंभांडी करणाऱ्या बाईला विचारा, आणि सोसायटीच्या मेंटेनन्सचं एक जुनं बिल मागा. त्यात टँकरचा वेगळा आकडा असला तर तो तुमच्या भाड्याचाच भाग आहे असं धरा.

शाळेचं प्रकरण पाण्यापेक्षा गुंतागुंतीचं, कारण तिथे कॅलेंडर आडवं येतं. सीबीएसईचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात. बदलीच्या ऑर्डरी नेमक्या या दोहोंच्या मध्ये हातात पडतात. म्हणजे ऑर्डर आली तेव्हा सीबीएसईचे वर्ग सुरू होऊन महिना झालेला असतो आणि राज्य मंडळाच्या चांगल्या शाळांच्या जागा भरत आलेल्या असतात. म्हणून मी ऑर्डरची वाट न बघता, बदली होणार अशी कुणकुण लागली की डिसेंबर-जानेवारीतच एक फेरी करा म्हणते. मुख्याध्यापिकेची भेट मागण्यात दिवस घालवू नका. शाळेच्या ऑफिसातल्या क्लार्कला कोणत्या वर्गात किती जागा आहेत ते तोंडपाठ असतं. कागद लागतात ते हे: दाखला, आधीच्या शाळेतला विद्यार्थी आयडी, जन्मदाखला, पत्त्याचा पुरावा. आणि पत्त्याचा पुरावा म्हणजे नोंदणी झालेला लीव्ह अँड लायसन्स करार. इथे साप आपलंच शेपूट गिळतो: शाळेला पत्ता हवा, आणि पत्ता ठरवायला शाळा ठरलेली हवी. यातून सुटायची एकच वाट मला सापडली आहे. शाळा आधी, घर त्या शाळेपासून चालत जाता येईल एवढ्यात.

चालत. बसने नाही. नामवंत शाळेच्या नावाखाली सहा वर्षांचं पोर रोज जाऊन-येऊन दीड तास बसमध्ये घालवतं, हे मी फार बघितलंय. शाळा सुटायच्या वेळी गेटसमोर पंधरा मिनिटं उभं राहिलं की खूप कळतं. मुलांना न्यायला कोण येतं, आजोबा येतात की व्हॅनवाले, मुलं रस्त्यावर सांडतात की आत ओळीत थांबतात, गेटसमोर गाड्या दोन रांगांत लागतात का. शाळेच्या वेबसाइटवरचा रोबोटिक्स लॅबचा फोटो यातलं काही सांगत नाही. आणि मूल दहावीत असेल तर हलवूच नका. सीबीएसईत नोंदणी नववीतच होते, मध्येच शाळा बदलायला बरीच कारणं आणि कागद लागतात. वर्षभर नवऱ्याने पेइंग गेस्ट राहावं, घर तिथेच ठेवावं. लोकांनी हे ऐकलं की आमच्या ऑफिसचं एक काम कमी होतं, पण मी सांगतेच.

नवी मुंबईचं मला जे आवडतं ते हे चालत जाणंच. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली. त्याआधी काही वर्षं चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडे दुसरं शहर वसवण्याची कल्पना मांडली होती. त्यातलं सगळं उतरलं नाही. ज्यांच्या जमिनी गेल्या त्या गावांचा हिशेब अजून पुरता मिटलेला नाही, आणि ते सोडून कौतुक करणं बरोबर नाही. पण सेक्टरमध्ये शाळा, बाग आणि बाजार चालत जाण्याच्या अंतरात ठेवायचा, एवढं जुन्या वस्त्यांत बऱ्यापैकी साधलं. वाशी, नेरुळ, ऐरोली इथे लहान मुलाला घेऊन फिरताना मला रस्ता ओलांडायची भीती कमी वाटते. नव्या टॉवरांच्या रांगेत बाग असते ती कंपाउंडच्या आत. कंपाउंडबाहेर पाऊल ठेवलं की ट्रकांचा रस्ता.

आता जरा न आवडणारं. आमच्या जाहिरातीत 'कुटुंबांसाठी योग्य परिसर' असं लिहिलेलं असतं. कोणत्या कुटुंबांसाठी, हे मालक ठरवतो. छत्रपती संभाजीनगरहून एक जोडपं आलं होतं, दोघंही आयटीत, चार वर्षांची मुलगी. फोनवर जागा रिकामी होती. नाव सांगितल्यावर मालकाचा भाऊ गावाहून राहायला येणार होता. पुढच्या सोसायटीत कमिटीची मीटिंग व्हायची होती. त्याच्या पुढच्या ठिकाणी जागा सकाळीच गेली होती. त्या बाई शेवटी मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही नका वाईट वाटून घेऊ, आम्हाला सवय आहे." नाशिकहून मुलाला घेऊन आलेल्या एका बाईंना प्रत्येक मालकाने विचारलं, मिस्टर कधी येणार? मिस्टर येणार नव्हते. मांस-मच्छी खाणाऱ्या मराठी कुटुंबालाही ठाण्यात नकार ऐकावा लागतो, तेव्हा मात्र आमच्यातले पुष्कळ जण चवताळून उठतात. बाकीच्या नकारांना ते 'त्यांच्या सोसायटीचा नियम' म्हणतात. आता मी फेरीच्या आधीच प्रत्येक मालकाला फोन करून कुटुंबाचं नाव, कोण कोण राहणार, काय शिजणार, सगळं सांगून टाकते. नकार माझ्या कानावर येतो, त्यांच्या तोंडावर पडत नाही. त्याने नकार कमी झालेले नाहीत.

एजंट लोकांची आणखी एक खोड म्हणजे ते भविष्य विकतात. 'इथून मेट्रो जाणार', 'इथून विमानतळ दहा मिनिटं'. बेलापूर ते पेंधर या नवी मुंबईच्या पहिल्या मेट्रोचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि १७ नोव्हेंबर २०२३ ला ती धावली. काम सुरू झालं त्या वर्षी पहिलीत गेलेलं पोर मेट्रो येईपर्यंत बारावी पास होऊन कॉलेजात गेलं. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं. त्याच्या नावावर उलवे आणि पनवेलच्या जागा त्याआधी कित्येक वर्षं विकल्या जात होत्या. उरणची लोकल आणि अटल सेतू दोन्ही जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले, तेव्हा उलव्याचं चित्र खरंच बदललं, हे मान्य. पण जे आज धावत नाही त्याचं भाडं आज भरू नये. विकत घेणाऱ्याचा हिशेब वेगळा असेल. मुलाला सोमवारी शाळेत सोडायचं असेल त्याचा हाच.

कागदाचं म्हणाल, तर गृहप्रकल्पांची नोंदणी करणारं महारेरा २०१७ मध्ये आल्यापासून लोक नोंदणी क्रमांक बघतात आणि निश्चिंत होतात. कल्याण-डोंबिवलीत पासष्ट इमारतींनी पालिकेच्या खोट्या परवानग्या दाखवून महारेराचे क्रमांक मिळवले होते, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचे आदेश दिले. नालासोपाऱ्यात आरक्षित जमिनीवरच्या एक्केचाळीस इमारती २०२५ च्या सुरुवातीपर्यंत पाडल्या गेल्या. आम्ही तर भाड्याने राहणार, आम्हाला काय, असं पाहुणे म्हणतात. इमारत रिकामी करायची वेळ येते तेव्हा भाडेकरूचं सामानही रस्त्यावरच येतं, आणि त्याचं डिपॉझिट मालकाकडे अडकतं. भोगवटा प्रमाणपत्राची प्रत मागा. मालक देत नसेल तर उठा. भाड्यांच्या आकड्यांबद्दल मी इथे लिहीत नाही, सहा महिन्यांत ते शिळे होतात.

नाक घेऊन फिरा, असंही मी सांगते, आणि तेही रात्री. तळोजा एमआयडीसीच्या बाजूच्या वस्तीत, खारघरच्या काही सेक्टरांत, रात्री दहानंतर हवेला वास येतो अशी तक्रार तिथले रहिवासी वर्षानुवर्षं करत आहेत. दुपारी जागा बघणाऱ्याला तो येतच नाही. डोंबिवलीत एमआयडीसीचा निवासी विभाग झाडांनी भरलेला, रस्ते रुंद, बंगले जुने. बघितल्याबरोबर कुणालाही आवडावा. पण कारखाने शेजारी आहेत, आणि मे २०१६ व मे २०२४ अशा दोन स्फोटांत आसपासच्या घरांच्या काचा फुटल्या, माणसं मेली. डोंबिवली मला प्रिय आहे. पै लायब्ररीत पुस्तक बदलायला आलेली आजोबा मंडळी, गणेश मंदिराची पाडव्याची शोभायात्रा, फुले नाट्यगृहाबाहेरची रविवारची रांग, हे दुसरीकडे उभं करायला दोन पिढ्या लागतील. घरात निवृत्त मास्तर असतील तर मी डोंबिवली किंवा ठाण्याचा जुना भाग आधी दाखवते. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून चालू आहे, आणि तिथे गेलेले आजोबा दुपारी घरी कुणाला त्रास देत नाहीत. फक्त कारखान्याच्या भिंतीपासून घर किती लांब, ते पावलांनी मोजायला लावते.

पावसाचं सांगायचं तर बदलापूर-वांगणीकडचं. जागा मोठी, हवा छान, भाडं परवडणारं, बदलापूरहून सुटणाऱ्या गाडीत बसायलाही मिळतं. मात्र उल्हास नदी जवळ आहे. २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बाहेर काढावं लागलं होतं. पाटबंधारे खात्याच्या नकाशात पूररेषा आखलेल्या असतात: निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नकाशा मिळवायला वेळ लागतो. किराणा दुकानदार एका मिनिटात सांगतो. "२००५ च्या पुरात कुठवर होतं पाणी?" असं विचारलं की जुना दुकानदार हात वर करून भिंतीवर दाखवतो. हात कमरेच्या वर गेला तर तळमजला आणि पहिला मजला सोडून द्यावा.

लातूरच्या आजींना मी हे सगळं दाखवलं. मुलाला ठाणे हवं होतं. सुनेला खारघर आवडलं, मोकळे रस्ते आणि समोर डोंगर म्हणून. नातीला जिथे सायकल चालवता येईल तिथे. आजींनी ऐरोलीत एका जुन्या सेक्टरात चार मजली इमारतीतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट बघितला, शेजारच्या दाराची बेल वाजवली, आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या त्या माहिती घेऊनच. पाणी मोरब्याचं, सकाळी आणि संध्याकाळी. शाळा दोन गल्ल्या सोडून. मंगळवारी भजन. लिफ्ट आहे, पण बंद पडली तरी दोन मजले त्यांना चढवतात.

"आणि माझ्या ऑफिसचं?" मुलगा म्हणाला. ऐरोलीहून ट्रान्स-हार्बरने ठाणे, तिथून कुर्ला, कुर्ल्याहून बस किंवा शेअर रिक्षा, दोन बदल. नाही तर ऐरोली पुलावरून बसने मुलुंड आणि तिथून गाडी. एकोणिसाव्या मजल्याच्या जागेपेक्षा त्याचा त्रास थोडा जास्तच होणार होता, ते मी त्याला आकड्यांत मांडून दाखवलं. सून काही बोलली नाही. आजी म्हणाल्या, "तू दिवसभर एसीत असतोस, रे. आम्ही इथं असतो."

ते तिथेच राहतात. कराराचं एकदा नूतनीकरण झालं. मुलगा मला मधूनमधून मेसेज करतो, बहुतेक वेळा ट्रान्स-हार्बर उशिरा धावत असताना.

जागा बघायला जून ते सप्टेंबरमध्ये कुणी येत नाही. एजंटांचा तो मंदीचा काळ, त्यामुळे तेव्हा ते फोन लगेच उचलतात आणि भाड्यातही थोडंफार कमी करतात. मी म्हणेन, शाळेचा प्रश्न नसेल तर तेव्हाच या, मधल्या वारी, छत्री आणि जुन्या चपला घेऊन. पहिलं वर्ष भाड्यानेच राहा, विकत घ्यायची घाई करू नका. आणि येताना घरात दिवसभर राहणाऱ्या माणसाला सोबत आणा. ते येणार नसेल तर मला फोनही करू नका.